वाऱ्याची झडप

'झडप' या शब्दाला मराठीत दोन घरे आहेत. घार पिलावर घालते ती एक झडप. आणि भात्याच्या आत कातड्याचा एक तुकडा लावलेला असतो, वारा एका बाजूने आला की तो उघडतो व उलटा फिरला की मिटतो, ती दुसरी. पहिल्या झडपेवर आम्हां कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. दुसरीवर कोणी चार ओळी लिहिल्याचे निदान माझ्या वाचनात नाही. पंप कोणी काढला, इंजिन कोणी काढले, हे शाळेच्या पुस्तकात असते. कोंडलेल्या वाऱ्याला परत फिरू न देणारे दार आणि कोंडलेला वारा बेताबेताने सोडण्याची युक्ती यांवर परीक्षेत प्रश्न येत नाही. म्हणून ते शिकवलेही जात नाही.

मी मास्तर माणूस, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा एंजिनियर मंडळींनी या लेखाकडे थोडे कानाडोळा करूनच पाहावे. मला जी यंत्रे ठाऊक आहेत ती ताडकळससारख्या गावात दाराशी येणारी किंवा घरात असलेली: घिसाड्याचा भाता, भजनाची पेटी, सायकलचा पंप, रॉकेलचा स्टोव्ह. ही सगळी वाऱ्यावर चालणारी. ती कोणाही माणसाला घरी उघडता येतात, मोडता येतात आणि पुष्कळदा दुरुस्तही करता येतात. त्यांचा इतिहास मोठ्या कारखान्यांच्या इतिहासाहून मला अधिक रंजक वाटतो.

भात्यापासून सुरुवात करू. संस्कृतात त्याला 'भस्त्रा' म्हणतात. त्यावरूनच आपला 'भाता' आला आणि योगातली 'भस्त्रिका'ही. अगदी जुना भाता म्हणजे जनावराच्या कातड्याची पिशवी. एका टोकाला नळी, ती विस्तवात. दुसऱ्या टोकाचे तोंड उभे चिरलेले आणि चिरेच्या दोन्ही कडांना काठीच्या पट्ट्या शिवलेल्या. भाता ओढणारा हाताने ते तोंड उघडून पिशवी वर उचली, मग तोंड मिटून खाली दाबी. म्हणजे या भात्याला झडप नव्हतीच. माणसाची बोटे हीच त्याची झडप. मैकल डोंगरातले आगरिया लोक लोखंड गाळण्यासाठी पायाने भाता चालवत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर इंग्रजीत एक ग्रंथच लिहिला. त्यांच्या भात्यावर ताणून बसवलेल्या कातड्याला मधोमध एक भोक असे. पाय टेकला की टाचेने भोक बुजे आणि वारा नळीतून विस्तवाकडे जाई. पाय उचलला की वाकवलेल्या बांबूच्या ताणाने कातडे वर येई आणि त्याच भोकातून हवा आत शिरे. टाच हीच झडप. असे दोन भाते शेजारी शेजारी ठेवून माणूस त्यांवर चालल्यासारखा पाय टाकीत राही, म्हणजे वारा तुटत नसे.

वारा तुटू न देणे, ही या सगळ्या इतिहासातली खरी अडचण आहे. एका भात्याने विस्तव फुलतो आणि मावळतो, फुलतो आणि मावळतो. लोखंडाला हे चालत नाही. म्हणून लोहाराने दोन भाते घेतले. चीनमध्ये पेटीसारख्या लाकडी भात्यात दट्ट्या घालून पुढे ढकलतानाही आणि मागे ओढतानाही वारा मिळेल अशी सोय केली गेली. पण हे सारे माणसाला बांधून ठेवणारे. ज्याची बोटे किंवा टाच झडपेच्या कामाला लागली, त्याला दुसरे काही करता येत नाही. कातड्याचा एक चौकोनी तुकडा एका कडेने खिळवून भोकावर सोडून दिला, तेव्हा तो माणूस सुटला. पुढे भाता मुलाने ओढावा, बाईने ओढावा, दोरीला ताण द्यावा, एवढेच काम उरले. हा तुकडा पहिल्यांदा खिळवणाऱ्याचे नाव इतिहासात नाही.

आमच्याकडे घिसाडी येतात. गावाबाहेर पाल ठोकतात, विळे-कुऱ्हाडी शेवटून देतात. बाई घण मारते आणि पुरुष सांडशीत लोखंड धरतो. आता बहुतेकांजवळ हाताने फिरवायचा पंखा आहे. पण एका म्हाताऱ्याजवळ मी जुना भाता पाहिला. वर्गातली चार पोरे बरोबर होती. मी त्याला म्हटले, "मामा, भात्याच्या आत काय असतंय ते पोरांना दाखवा की."

तो हसला. "मास्तर, आत काय आसतंय? कातड्याचं एक पान आसतंय. त्येच नीट बसलं न्हाई तर बाई दिवसभर ओढती आन् निम्मा जीव भात्यातच जातो."

मग त्याने भात्याची फळी उलटी करून दाखवली. भोकाच्या कडेला झिजलेले, तेलाने काळे पडलेले एक पान. त्याने ते बोटाने उघडले, सोडले. ते आपोआप मिटले. एका पोराने विचारले की हे लोखंडी पत्र्याचे का नाही. म्हातारा म्हणाला, पत्रा वाजतो, पण बसत नाही. मला वाटते, झडपेच्या शास्त्रातला अर्धा भाग त्या उत्तरात आला. झडप हलकी हवी, म्हणजे थोड्या वाऱ्याने उघडते. आणि मऊ हवी, म्हणजे कडेच्या खाचाखोचांत बसून गळती थांबवते. कातड्यात हे दोन्ही गुण आहेत.

आता थोडे दूर जाऊ. इसवीसनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबिअस नावाचा माणूस होऊन गेला. त्याचा बाप न्हावी होता. रोमन ग्रंथकार विट्रुव्हियस सांगतो की बापाच्या दुकानातला आरसा वरखाली करता यावा म्हणून या पोराने दोरीला शिशाचे वजन बांधले आणि ते एका नळीत सोडले. वजन खाली जाताना नळीतली हवा दाबली जाऊन बाहेर पडे आणि आवाज होई. तो आवाज ऐकून त्याच्या डोक्यात जे शिरले, त्यातून पुढे दट्ट्याचा पंप आणि पाण्याचा ऑर्गन निघाला. ऑर्गनमध्ये त्याने केलेली युक्ती फार सुंदर आहे. पंपाने येणारा वारा त्याने एका पालथ्या भांड्याखाली सोडला. ते भांडे पाण्यात बुडालेले. वारा जास्त आला की भांड्यातले पाणी खाली ढकलले जाऊन बाहेर चढे. पंप क्षणभर थांबला की बाहेरचे पाणी वाऱ्याला दाबून धरी. पंप मारणारा दमो की थांबो, नळ्यांना वारा साधारण एकाच जोराने मिळे. आज ज्याला आपण रेग्युलेटर म्हणतो त्याचा हा पूर्वज.

आमच्याकडे तो पूर्वज वेगळ्या रूपात होता: सनईवाल्याच्या गालांत. सनईचा सूर तुटत नाही, कारण वाजवणारा नाकाने श्वास घेत असताना गालांत साठवलेली हवा बाहेर ढकलत असतो. फुगलेले गाल ही साठवणीची टाकी आणि गालाचे स्नायू हा दाब सांभाळणारा. लग्नात मुले सनईवाल्याच्या गालांकडे बघून हसतात. मी त्यांना हसू देतो आणि मग विचारतो, तो श्वास केव्हा घेतो? मग हसणे थांबते आणि पाहणे सुरू होते.

युरोपातल्या सतराव्या शतकाची हकीकत वाचकांनी पुस्तकांत वाचली असेलच. जर्मनीतल्या ओटो फॉन गेरिकेने हवा काढून घेणारा पंप केला. इंग्लंडात रॉबर्ट बॉइलने रॉबर्ट हूकच्या मदतीने स्वतःचा पंप केला आणि १६६२ साली दाब व आकारमान यांचा नियम छापला. दाब दुप्पट तर जागा निम्मी. हा नियम मुलांना पाठ असतो. त्याहून माझ्या विषयाला जवळचा माणूस म्हणजे दनी पापँ. त्याने १६७९ च्या सुमारास हाडे शिजवण्याचे बंद भांडे केले आणि ते फुटू नये म्हणून झाकणाच्या भोकावर एक तरफ ठेवून तिला वजन लावले. दाब वजनाहून वाढला की झडप उचलली जाऊन वाफ निघून जाई. आज प्रत्येक घरातल्या कुकरची शिट्टी ही त्या वजनाची नात आहे. परत न फिरू देणारी, दाब सारखा राखणारी आणि जादा झाले की सोडून देणारी अशा तीन झडपा एवढेच या शास्त्राचे मूळ भांडवल. पुढचे सारे त्यांचा मेळ घालण्यात आहे.

हा मेळ मला सर्वांत चांगला कुठे दिसत असेल तर पेटीत. हार्मोनियम हे नाव पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँचे. त्याने १८४२ साली त्याचा हक्क नोंदवला. ते पायाने भाता मारायचे, मेजाएवढे वाद्य होते. मिशनऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ साली द्वारकिन ही पेढी काढली आणि पुढच्या काही वर्षांत हाताने भाता मारायची, जमिनीवर मांडून वाजवायची पेटी घडवली. मांडी घालून बसणाऱ्या देशाने खुर्चीवरच्या वाद्याला खाली बसवले, असे म्हणावे लागेल.

पेटी उघडून पाहिली आहे का? मागचा पंखा म्हणजे बाहेरचा भाता. त्याच्या फळीला भोके आहेत आणि भोकांवर आतून कातड्याची पाने. भाता उघडला की पाने आत झुकतात, हवा येते. मिटला की पाने भोकांवर बसतात आणि हवा दुसऱ्या भोकांतून पेटीच्या पोटात जाते. तिथेही कातड्याची पाने आहेत, ती हवेला परत येऊ देत नाहीत. पेटीच्या पोटात आणखी एक भाता असतो, तो बाहेरून दिसत नाही. त्याच्याखाली स्प्रिंगा. हवा भरली की हा पोटातला भाता फुगतो आणि स्प्रिंगा दबतात. वादक भाता मारायचा थांबला की स्प्रिंगा त्याला वर ढकलतात आणि सूर चालू राहतो. क्टेसिबिअसच्या पाण्याचे काम इथे स्प्रिंगा करतात. प्रत्येक पट्टीखाली एक लाकडी झाकण, त्याला बनात व कातडे लावलेले. बोट दाबले की ते उचलले जाते आणि हवा पितळी सुरावर जाते. म्हणजे पेटी हे सबंध झडपांचेच यंत्र. सूर कापणे आणि घासणे हे वेगळे कसब. त्यासाठी गुजरातेतले पालिताणा प्रसिद्ध आहे.

इथे एक बारीक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्प्रिंग जितकी दबेल तितकी ती जोराने परत ढकलते. म्हणून पोटातला भाता पूर्ण भरला असताना वाऱ्याचा दाब जास्त आणि रिता होत आला की कमी. वजन ठेवले असते तर दाब सारखा राहिला असता. मोठ्या चर्चमधल्या ऑर्गनच्या भात्यांवर दगड किंवा शिसे ठेवीत ते याचसाठी. पण वजन ठेवलेली पेटी उचलून दिंडीत कोण नेणार? पेटीच्या सुराचा एक गुण कारागिराच्या मदतीला आला. मोकळ्या पितळी जिभेचा आवाज दाबाबरोबर लहान-मोठा होतो, पण तिचा सूर फारसा हलत नाही. बासरीत फुंकर वाढवली की सूर चढतो; पेटीत तसे होत नाही. म्हणून स्प्रिंगेचा दोष पेटीला सोसला, इतकेच नव्हे तर वादकाला त्यातून आवाज फुलवण्याची सोय मिळाली. रेग्युलेटर अचूक असण्यापेक्षा कामापुरता असला की पुरते, हे त्या कारागिरांनी ओळखले.

वारकरी भजनाचा मूळ संसार वीणा, टाळ आणि मृदंगाचा. पेटी त्यात मागाहून आली. जनाबाईंचे गंगाखेड आमच्याच जिल्ह्यात. तिथल्या काठावरची भजने ऐकताना आज कोणाला वाटणारही नाही की हे वाद्य पॅरिसचे. पण पेटी देवळाच्या सभामंडपात गेली ती कातड्यासकट गेली. मृदंगाची पुडी कातड्याची, पेटीची झडप कातड्याची. ते कातडे कमावणारा माणूस मात्र बाहेर उभा होता. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, तेव्हा ते दार उघडले. कोणत्या जनावराचे कातडे किती दिवस पाण्यात ठेवावे, कशाने कमावले म्हणजे ते वाऱ्याला हलके आणि गळतीला घट्ट होते, हे ज्ञान ज्यांच्याजवळ होते त्यांना ते लिहिण्याची अक्षरे आपण दिली नाहीत. मग आपणच म्हणतो की आपल्याकडे यंत्रविद्येची परंपरा नाही. माझ्या मते परंपरा होती. तिला गावकुसाबाहेर घर दिलेले होते.

पेटीवर आणखी एक संकट आले ते वेगळ्या बाजूने. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या कार्यक्रमांतून बंदी केली. तिचे बारा सूर ठराविक, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, असा आक्षेप. रवींद्रनाथांचेही मत पेटीच्या विरुद्धच होते. ही बंदी १९७१ साली सैल झाली. आक्षेपात तथ्य होतेच. पण मौज अशी की तक्रार सगळी सुरांची होती, वाऱ्याबद्दल कोणाचेच काही म्हणणे नव्हते. त्या बंदीच्या काळातही गावोगावच्या भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तर तिला एकटीने मैफल करण्याइतकी प्रतिष्ठा त्याआधीच मिळवून दिली होती.

मराठी रंगभूमीवर पेटीबरोबर पायाचा ऑर्गन आला. बालगंधर्वांच्या साथीला कादरबक्ष यांची सारंगी, थिरकवाँसाहेबांचा तबला आणि हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, हे त्रिकूट जुन्या रसिकांच्या बोलण्यात अजून येते. ऑर्गन आणि पेटी दिसायला भावंडे, पण वाऱ्याच्या बाबतीत उलट. पेटी हवा दाबून सुरांतून बाहेर फुंकते. अमेरिकन धर्तीचा ऑर्गन भात्याने हवा ओढून घेतो आणि बाहेरची हवा सुरांतून आत शिरते. त्यामुळे त्याचा आवाज अधिक गोल येतो. झडपाही अर्थातच उलट बसवलेल्या.

हाच भेद आमच्या तालुक्याने रुळांवर पाहिला आहे. निजामाच्या अमलात, १९०० च्या सुमारास, मनमाडहून हैदराबादकडे मीटरगेज झाली आणि पूर्णा हे जंक्शन झाले. त्या गाड्यांचे ब्रेक हवा ओढण्यावर चालत. इंजिन सबंध गाडीखालच्या नळीतली हवा काढून घेई, तोवर ब्रेक सुटलेले. डब्यातली साखळी ओढली की बाहेर एक झडप उघडे, फुस्स आवाज करीत हवा नळीत शिरे आणि ब्रेक लागू लागत. डबे तुटून वेगळे झाले तरी तेच. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ साली दाबलेल्या हवेचा ब्रेक काढला आणि १८७२ साली त्याला अशी झडप बसवली की नळीतला दाब कमी होताच प्रत्येक डब्याने आपल्या टाकीतला वारा वापरून स्वतःचा ब्रेक लावावा. आता आपल्याकडेही दाबाच्या हवेचेच ब्रेक आहेत, आणि मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आला. पण साखळी ओढल्यावरचा तो फुस्स आवाज ज्याने ऐकला आहे त्याला ऑर्गनचे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सायकलबद्दल थोडक्यात. बेलफास्टच्या जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने १८८८ साली हवेच्या टायरचा हक्क घेतला. पुढे कळले की रॉबर्ट थॉमसनने तो १८४५ मध्येच घेतला होता. टायर चालले ते मात्र चांगली झडप मिळाल्यावर. आपल्याकडच्या साध्या सायकलची झडप म्हणजे एक पितळी काडी, तिच्या अंगाला भोक आणि त्यावर चढवलेली बोटभर रबरी नळी, जिला गावात सगळे वालट्यूब म्हणतात. पंपाचा वारा नळी फुगवून आत जातो. आतला वारा त्याच नळीला भोकावर दाबून बसवतो. आत दाब जितका जास्त, तितकी झडप घट्ट. इतक्या स्वस्तात इतकी हुशारी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. बेळगावात सायकलींचे दुकान घालणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक होते, हे आम्ही मास्तर मंडळी अभिमानाने सांगतो. त्यांच्या उद्योगघराण्याने १९५८ साली पुण्यात हवा दाबण्याच्या यंत्रांचा स्वतंत्र कारखाना काढला.

आता स्टोव्ह. इथे मात्र माझा हात जरा जड होतो.

स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्टने १८९२ साली प्रायमस स्टोव्ह काढला. ॲमंडसेनबरोबर तो दक्षिण ध्रुवावर गेला. आणि तोच स्टोव्ह आमच्या स्वयंपाकघरांत आला. पितळी टाकी, तिच्यात रॉकेल, बाजूला हवा भरायचा पंप. पंपाच्या दट्ट्याला कातड्याचा वायसर आणि पंपाच्या बुडाशी एक चिमुकली झडप, रॉकेल पंपात उलटे येऊ नये म्हणून. वर हवा सोडायचा स्क्रू. दाबाने रॉकेल तापलेल्या बर्नरमध्ये चढते, तिथे त्याची वाफ होते आणि निपलच्या बारीक भोकातून ती जळते. ज्वाला लहान-मोठी करायला साध्या स्टोव्हला वेगळे बटण नव्हते. वाढवायची तर पंप मारा, कमी करायची तर स्क्रू सैल करा. म्हणजे रेग्युलेटरचे काम पुन्हा माणसाकडेच, आणि घरात ते माणूस म्हणजे बाई. लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्त्याही याच तत्त्वाच्या. त्या डोक्यावर घेऊन चालणाऱ्यांच्या अंगावर प्रकाश पडे, पण त्यांच्याकडे कोणी पाहत नसे.

बर्नर पुरता तापला नसताना पंप मारला तर वाफेऐवजी कच्चे रॉकेल उडते आणि भडका होतो. गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतले तरी होतो. हे अपघात खरे होते आणि त्यात पुष्कळ बायका भाजल्या. पण एकोणिसशे सत्तर-ऐंशीच्या दशकांत वर्तमानपत्रांत 'स्टोव्हच्या भडक्याने विवाहितेचा मृत्यू' ही बातमी इतकी नित्याची झाली, की स्त्रियांच्या संघटना विचारू लागल्या: घरात सासू स्वयंपाक करते, नणंद करते; स्टोव्ह सुनेलाच कसा ओळखतो? यंत्र जाणणाऱ्या कोणालाही हा प्रश्न आधी पडायला हवा होता. ज्या यंत्राचा दाब एका स्क्रूच्या अर्ध्या वळशाने उतरतो, त्याच्यावर एवढे मृत्यू बिनचौकशी लादले गेले. हुंड्याविरुद्धचा कायदा १९६१ सालचा. पण १९८३ मध्ये दंड विधानात ४९८-अ हे छळाचे कलम आले आणि १९८६ मध्ये ३०४-ब हे हुंडाबळीचे. लग्नानंतर सात वर्षांच्या आत असा संशयास्पद मृत्यू झाला आणि हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसले, तर जाब सासरच्यांनी द्यायचा, असे ठरले. २०२४ पासून ही कलमे भारतीय न्याय संहितेत आहेत. स्टोव्हची पिन, निपल, वायसर हे शब्द आज मुलांना ठाऊक नाहीत, याची खंत मला फारशी वाटत नाही.

घरी वाऱ्याची यंत्रे करणाऱ्या पोरांना मी एक हिशेब फळ्यावर मांडून दाखवतो. पेटीतल्या वाऱ्याचा दाब काही बोटे उंच पाण्याइतका; १० सेंटिमीटर पाणी म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाचा सुमारे शंभरावा हिस्सा. सायकलच्या टायरात याच्या कितीतरी पट. आता २५ सेंटिमीटर रुंद झाकणाचा डबा घेऊन त्यात चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब भरला, तर झाकणावर सुमारे दीड हजार किलोंचा जोर येतो. हे ऐकल्यावर पोरे डब्याचा नाद सोडतात. कारखान्यातली टाकी तपासतानाही आधी पाणी भरून दाब देतात, कारण पाणी दबत नाही आणि टाकी फुटली तरी उसळत नाही, हवा उसळते. आमच्या शाळेत प्लॅस्टिकच्या बाटलीचे अग्निबाण उडवतात: बाटलीत थोडे पाणी, बुचात सायकलच्या ट्यूबची झडप, आणि सायकलचा पंप. त्यात बूच हीच जादा दाबाची झडप. ते हाताने बसवलेले असले की वेळेवर निघते. एकाने ते डिंक लावून पक्के केले होते. मी पंप मारू दिला नाही. त्याने विचारले, "पण सर, गळत व्हतं ना?" मी म्हटले, "गळू दे. ते गळतंय म्हणूनच तू जवळ उभा राहू शकतोस."

मुंबईत १९५५ साली स्वयंपाकाचा गॅस सिलिंडरमधून घरोघर जाऊ लागला. खेड्यांत तो खऱ्या अर्थाने पसरला तो २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर. 'रेग्युलेटर' हा शब्द आज निरक्षर म्हातारीलाही येतो. सिलिंडरच्या आत चौरस सेंटिमीटरला काही किलो दाब असतो. शेगडीला लागतो तो फक्त सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे ३० सेंटिमीटर पाण्याइतका. मधल्या त्या चकतीच्या डबीत एक रबरी पडदा, एक स्प्रिंग आणि एक छोटी तरफ आहे. शेगडीकडचा दाब वाढला की पडदा फुगून वर जातो आणि तरफ झडप मिटते. कमी झाला की स्प्रिंग पडद्याला खाली रेटते आणि झडप उघडते. बाई भाजी ढवळत असते, आणि ही उघडझाप आपली आपण चालू असते.

रेग्युलेटर उघडू नये, हे मी मुलांना बजावून ठेवले आहे. पेटी मात्र उघडू देतो. गेल्या पावसाळ्यानंतर शाळेची पेटी मधेच श्वास सोडू लागली. उघडली तर पोटातल्या भात्याच्या भोकावरचे पान उंदराने कुरतडलेले. दुरुस्त करणारा म्हणाला होता की आता रेक्झिन लावतात. पण सातवीतल्या एका मुलाने घरून मेंढीच्या कमावलेल्या कातड्याचा तुकडा आणला. त्याचे आजोबा पूर्वी हेच काम करीत. त्याने तो मापाने कापला, एका कडेला सरस लावला, दुसरी कड मोकळी ठेवली. सरस वाळेपर्यंत त्याने कोणाला पेटीला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला आम्ही मुद्दाम मोजले: भाता मारणे थांबवल्यावर काळी चारचा सूर अकरा आकड्यांपर्यंत टिकला. त्याच्या मते पान अजून जरा जाड आहे.